जुन्या छायाचित्रातली टॉर्पेडो बोट ओळखायची कशी

दोन्ही महायुद्धांतल्या वेगवान टॉर्पेडो बोटींची छायाचित्रे आता सहज पाहायला मिळतात, परंतु ज्यांच्याखालच्या मजकुरावर डोळे मिटून विश्वास ठेवावा अशी त्यांत फार थोडी असतात. ब्रिटिश एमटीबीला (मोटर टॉर्पेडो बोटीला) अमेरिकी पीटी (पेट्रोल, म्हणजे गस्ती, टॉर्पेडो) बोट म्हटलेले असते, इटालियन बोट जर्मन ठरलेली असते, आणि कारखान्याबाहेरच्या चाचणीच्या छायाचित्राखाली ‘शत्रूवर चाल करून जाताना’ असे ठोकून दिलेले असते. ज्यांना अशा छायाचित्राची संग्रहासाठी नीट नोंद करायची आहे, त्यावरून प्रतिकृती बनवायची आहे किंवा आपण नेमके काय पाहतो आहोत हे जाणून घ्यायचे आहे, त्यांच्यासाठी मी स्वतः वापरतो ती पद्धत येथे मांडत आहे.

बहुतेकांची नजर आधी नाळेकडे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडे जाते. पाणी चिरत वर उठलेली नाळ, दोन्ही बाजूंनी उडणारा फेस आणि मागे लांबलेला पांढरा पट्टा हे सगळे डोळ्यांत भरते, पण ओळख पटवायला त्याचा उपयोग कमी. त्याऐवजी टॉर्पेडो, म्हणजे आपल्या भाषेतला पाणतीर, बोटीवर कुठे ठेवला आहे आणि तो कोणत्या वाटेने पाण्यात उतरतो, एवढेच प्रथम शोधावे. 53.3 सेंटिमीटर व्यासाच्या एका टॉर्पेडोचे वजन साधारण दीड टन असे. लहानशा लाकडी बोटीवर असे दोन किंवा चार टॉर्पेडो चढवायचे आणि भर वेगात ते बोटीला धक्का न लावता सोडायचे, हाच या बोटी घडवणाऱ्यांपुढचा मुख्य प्रश्न होता. प्रत्येक देशाने त्याचे उत्तर वेगळे शोधले, आणि त्या उत्तराप्रमाणे बोटीचा तळ, लांबी आणि डेकची मांडणी ठरत गेली.

पिछाडी उघडी असेल तर

डेकवर नळी नाही, कडेला काही लटकलेले नाही आणि तरीही ती टॉर्पेडो बोट असल्याचे सांगितले आहे, असे असेल तर पिछाडी पाहावी. तिथे उघडी खाच किंवा पन्हळीसारखा उतार दिसला, तर तो टॉर्पेडो मागच्या बाजूने सोडण्याचा प्रकार समजावा. ब्रिटनमध्ये थॉर्निक्रॉफ्ट कंपनीने 1916 मध्ये बांधलेल्या 40 फुटी कोस्टल मोटर बोटी, म्हणजे सीएमबी, याच पद्धतीच्या होत्या. हलक्या क्रूझरच्या डेव्हिटवर, म्हणजे बोटी टांगायच्या दांड्यांवर, टांगून नेता येईल इतकेच वजन त्यांना मान्य झाले होते, त्यामुळे जड नळी बसवणे शक्यच नव्हते. टॉर्पेडो पन्हळीत पुढे तोंड करून निजलेला असे आणि सोडताना त्याला मागून नव्हे, तर पुढून दट्ट्याने ढकलून शेपटीच्या बाजूने पाण्यात लोटत. बोटीच्या वेगामुळे तो पाण्यात पडतानाच लक्ष्याच्या दिशेने चालत असे, त्याचे यंत्र सुरू होई, आणि मग बोटीला झटकन बाजूला वळून मागून येणाऱ्या आपल्याच टॉर्पेडोला वाट करून द्यावी लागे.

हे वाचताना विचित्र वाटते, पण त्यातला धोका समजला की छायाचित्रही वेगळे दिसू लागते. 17 जून 1919 च्या रात्री ऑगस्टस एगर याने सीएमबी 4 मधून क्रॉनश्टाट या नौदल तळाजवळ ओलेग या सोव्हिएत क्रूझरवर हल्ला केला. ऐन वेळी टॉर्पेडो ढकलणारे काडतूस अवेळीच उडाले आणि नवे काडतूस बसवेपर्यंत ती चिमुकली बोट राखणदार जहाजांच्या मध्ये नुसती थांबून राहिली. नंतर तिने एकुलता एक टॉर्पेडो सोडून ओलेग बुडवली आणि एगरला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ती बोट आजही जतन केलेली आहे. तिची पिछाडी ज्याने एकदा छायाचित्रातून नीट पाहिली, तो या प्रकाराची दुसरी बोट ओळखताना सहसा चुकणार नाही.

या पद्धतीची दुसऱ्या महायुद्धातली ठळक बोट म्हणजे सोव्हिएत जी-5. तुपोलेवच्या हाताखाली, म्हणजे विमाने घडवणाऱ्या माणसांकडून, तिचा आराखडा तयार झाला, आणि ते तिच्या अंगावर लिहिलेले आहे: ड्युरॅल्युमिनचा सांगाडा, सुमारे 19 मीटर लांबी, पाठीसारखा गोलाकार आणि गुळगुळीत डेक, ज्यावर माणसाला सरळ उभे राहणेही अवघड, आणि मागे दोन टॉर्पेडोंसाठी शेजारीशेजारी दोन पन्हळी. वेग 50 नॉटच्या आसपास, म्हणजे ताशी सुमारे 93 किलोमीटर. मात्र या बोटीला उभ्या उभ्या टॉर्पेडो सोडता येत नसे, कारण पुढे निघून जाण्यासाठी वेग हवाच. म्हणून धक्क्याला लागलेल्या जी-5 चे छायाचित्र ‘हल्ल्याच्या तयारीत’ म्हणून दिलेले दिसले, की तो मजकूर कोणी तरी मागाहून लिहिला आहे असे खुशाल समजावे. ब्रिटिश पॉवर बोट कंपनीच्या 1936 पासूनच्या 60 फुटी एमटीबींनाही टॉर्पेडो मागूनच सोडावे लागत. समोरून पाहिले तर त्या साध्या वेगवान लाँच वाटतात, आणि म्हणूनच त्यांची नोंद अनेकदा चुकते.

कडेने घरंगळणारे टॉर्पेडो

दुसरी वाट कडेची. मास या इटालियन टॉर्पेडो बोटींवर पहिल्या महायुद्धात टॉर्पेडो डेकच्या दोन्ही कडांना चिमट्यांसारख्या पकडींत धरलेले असत आणि पकड उघडली की ते बाजूला पाण्यात पडत. नळी नसल्यामुळे टॉर्पेडोचे अख्खे अंग छायाचित्रात उघडे दिसते, आणि हीच मासची सर्वांत सोपी खूण आहे. लुइजी रित्सो याने डिसेंबर 1917 मध्ये त्रिएस्तच्या बंदरात व्हीन ही ऑस्ट्रिया-हंगेरीची युद्धनौका अशाच बोटीतून बुडवली आणि 10 जून 1918 रोजी प्रेमुदा बेटाजवळ मास 15 मधून सेंट इश्तव्हान ही प्रचंड युद्धनौका तळाला धाडली. ती मास 15 रोममध्ये जपून ठेवलेली आहे. तिच्या पकडी हे मला वाटते या विषयातले सर्वांत बोलके लोखंड आहे, कारण त्यांत एकही फाजील भाग नाही.

कडेचीच वाट अमेरिकनांनी पुन्हा धरली, पण उशिरा. त्यांच्या पीटी बोटींवर आधी 21 इंची, म्हणजे 53.3 सेंटिमीटरच्या, जाड पोलादी नळ्या होत्या. 1943 पासून त्यांऐवजी हलके उतरते घोडे, म्हणजे टॉर्पेडो ठेवायच्या उतरत्या चौकटी, बसवण्यात आले आणि त्यांवर विमानातून टाकण्यासाठी बनवलेला मार्क 13 टॉर्पेडो ठेवला जाऊ लागला. घोडा सुटला की टॉर्पेडो कडेवरून घरंगळून पाण्यात जाई. मार्क 13 हा आखूड आणि जाडा आहे, लांबी सुमारे 4.1 मीटर आणि व्यास सुमारे 57 सेंटिमीटर. नळ्यांतून सुटणारा जुना मार्क 8 मात्र सहा मीटरांहून जास्त लांबीचा आणि सडपातळ होता. त्यामुळे डेकच्या कडेला उघडा, बुटका, पिंपासारखा टॉर्पेडो दिसला, तर पीटी बोट असण्याची शक्यता पुष्कळच वाढते आणि छायाचित्र 1943 च्या आधीचे नाही हेही कळते.

नळ्या: दिसणाऱ्या आणि लपलेल्या

बहुतेक छायाचित्रांत नळ्याच असतात, म्हणून इथे जास्त वेळ द्यावा. ब्रिटिश व्हॉस्पर कंपनीच्या 70 फुटी एमटीबीवर दोन नळ्या, दोन्ही कडांना एकेक, पुढच्या बाजूला किंचित बाहेर वळलेल्या आणि कायम त्याच कोनात पक्क्या केलेल्या असतात. अमेरिकेच्या एल्को कंपनीच्या सुरुवातीच्या पीटी बोटींवर मात्र नळ्या चार आणि प्रवासात त्या डेकच्या कडेला समांतर ठेवलेल्या. टॉर्पेडो सोडण्यापूर्वी त्या हाताने फिरवून बाहेर वळवाव्या लागत. एखाद्या छायाचित्रात पीटीच्या नळ्यांची तोंडे पाण्यावर आलेली दिसली, तर त्या वेळी निदान सराव तरी चालू होता असे म्हणता येते. या नळ्यांतून टॉर्पेडो बंदुकीच्या काळ्या दारूच्या स्फोटाने बाहेर फेकला जाई, आणि आतल्या ग्रीसने पेट घेतला तर अंधारात भगभगीत ज्वाळा दिसून बोटीचा ठावठिकाणा उघड होई. घरंगळत्या घोड्यांकडे वळण्यामागे वजनाबरोबर हेही एक कारण होते.

नळ्या अजिबात दिसत नाहीत, पिछाडीही बंद आहे आणि बोट लांबसडक आहे, अशा वेळी नाळेच्या दोन्ही बाजू भिंगाखाली धराव्यात. तिथे डेकच्या खाली गोल तोंड किंवा झडपेची कड दिसली, तर ती बहुधा 1940 नंतरची जर्मन एस-बोट असते. ब्रेमेनजवळच्या लुर्सेन कारखान्याने या बोटींचा पुढचा डेक उंच करून नळ्या त्याच्या पोटात घेतल्या. त्यामुळे नाळ उंच आणि कोरडी राहिली, तोफेला पुढे जागा मिळाली आणि नळ्यांच्या मागे डेकवर आणखी दोन टॉर्पेडो राखीव ठेवता आले. ब्रिटिश लोक या बोटींना ई-बोट म्हणत. छायाचित्राखाली तो शब्द असला तर मजकूर ब्रिटिश बाजूने लिहिला गेला एवढेच त्यावरून कळते, बोटीविषयी काही नाही.

इथेच मी एकदा चांगला फसलो होतो. लांब, बुटकी, जर्मन वळणाची बोट होती, पण दोन्ही नळ्या डेकवर उघड्या दिसत होत्या, आणि मी ती सुरुवातीच्या काळातली एस-बोट म्हणून नोंदवली. प्रत्यक्षात ती इटालियन एमएस वर्गातली निघाली. लुर्सेनने युगोस्लाव्हियासाठी ओर्येन वर्गाच्या बोटी बांधल्या होत्या, त्यांतल्या सहा 1941 मध्ये इटलीच्या हाती लागल्या आणि त्यांवरून इटलीने आपल्या एमएस बोटी घडवल्या. नाते इतके जवळचे असल्यामुळे नुसत्या आकारावरून निर्णय करणे धोक्याचे असते. तेव्हा बोटीवरचा ध्वज, माणसांच्या टोप्या आणि तोफांचे प्रकार पाहिल्याशिवाय ‘जर्मन’ हा शब्द लिहू नये. याच एमएस बोटींपैकी 16 आणि 22 क्रमांकाच्या बोटींनी ऑगस्ट 1942 मध्ये माल्टाकडे जाणाऱ्या ताफ्यातल्या मँचेस्टर या ब्रिटिश क्रूझरला निकामी केले, त्यामुळे त्यांची योग्य ओळख ही केवळ हौसेची बाब नाही.

पाणी काय सांगते

टॉर्पेडोची वाट सापडली की मगच पाण्याकडे वळावे. एल्को, हिगिन्स, व्हॉस्पर या कंपन्यांच्या बोटींचा तळ कोनदार असतो. वेग वाढला की बोट पाण्यावर चढून घसरू लागते, नाळ वर येते आणि पुढचा तिसरा भाग बऱ्याचदा कोरडा दिसतो. एस-बोटीचा तळ गोलसर आहे. ती पाण्यावर चढत नाही, पाणी दुभंगून जाते, आणि जोराने पळतानाही जवळजवळ सपाट राहते. तिच्या मुख्य सुकाणूच्या दोन बाजूंना आणखी दोन लहान सुकाणू असत. ती बाहेरच्या बाजूला तिरपी धरली की पंख्यांमागे हवेची पोकळी तयार होई, पिछाडी बसत नसे आणि मागची लाटही कमी उठे. म्हणून 35 मीटरची बोट 39 नॉटने पळत असताना मागे अपेक्षेपेक्षा लहान लाट दिसत असेल, तर छायाचित्र खोटे आहे असा संशय घेऊ नये. ती या सुकाणूंची करामत असते.

हा फरक समुद्राच्या स्वभावातून आला आहे. उत्तर समुद्रातल्या आखूड, खवळलेल्या लाटांत पाण्यावर घसरणारी कोनदार तळाची बोट आदळत जाते आणि माणसांची हाडे खिळखिळी होतात. गोल तळाची लांब बोट तोच वेग अधिक काळ टिकवते. मात्र ती मोठी असते, तिला अधिक शक्ती लागते, आणि ती शक्ती जर्मनांनी डिझेल यंत्रांतून मिळवली. बाकीच्या देशांच्या बोटी बहुतांशी पेट्रोलवर चालत. एल्को पीटीच्या पोटात सुमारे 3000 गॅलन विमानी पेट्रोल असे, आणि एक पेटता तोफगोळा तिथे पोचला की काय होई ते वेगळे सांगायला नको. डिझेलचा धूर, पेट्रोल यंत्रांची धुराडी आणि त्यांची जागा हेही छायाचित्रात शोधण्याजोगे आहे. एल्कोच्या पिछाडीच्या फळीवर धूर बाहेर टाकणाऱ्या नळ्यांची रांग ओळखू येते, आणि त्यांना जोडलेले आवाज दाबणारे डबे हळू चालताना वापरत.

या ठिकाणी दोन जुने गैरसमज दूर करावेत. पीटी बोटी प्लायवूडच्या होत्या असे पुन्हा पुन्हा लिहिले जाते. एल्कोच्या बाहेरच्या अंगाला महॉगनीच्या तिरप्या फळ्यांचे दोन थर असत आणि त्यांच्यामध्ये कापड गोंदाने चिकटवलेले असे. दुसरे म्हणजे, पॅकार्ड कंपनीने मर्लिन विमानयंत्रेही बनवली, म्हणून पीटीमध्ये मर्लिन होते असे समजले जाते, पण पीटीचे बारा सिलिंडरचे यंत्र पॅकार्डचे स्वतःचे होते.

लांबी मोजावी, मग नाव द्यावे

डेकवर उभा असलेला माणूस ही सर्वांत हाताशी असलेली मोजपट्टी. तो बोटीच्या मध्यावर आणि छायाचित्रकाराकडे आडवी बाजू करून उभ्या असलेल्या बोटीवर असावा. कोनात घेतलेल्या छायाचित्रात ही मोजणी फसते. 40 फुटी सीएमबी सुमारे 12 मीटर, व्हॉस्परची एमटीबी सुमारे 22, हिगिन्स 23.8, एल्कोची 80 फुटी 24.4 आणि एस-बोट सुमारे 35 मीटर. ब्रिटिश फेअरमाईल डीदेखील 115 फुटांची, म्हणजे 35 मीटरचीच आहे, आणि दुरून घेतलेल्या छायाचित्रात ती व एस-बोट यांची गल्लत होते. पण फेअरमाईलचे मधले बांधकाम भारदस्त आणि नळ्या डेकवर, तर एस-बोट डेकलगत दबलेली आणि नळ्या पोटात, म्हणून पहिली पायरी नीट पार पाडली असेल तर हा घोळ आपोआप सुटतो.

एल्को आणि हिगिन्स यांच्यातला फरक विचारणारे पुष्कळ असतात. 80 फुटी एल्कोवर दुहेरी मशीनगनचे दोन बुरूज तिरपे मांडलेले असतात, उजवा पुढे आणि डावा मागे. हिगिन्सवर ते शेजारीशेजारी येतात. वरून किंवा थोडे उंचावरून घेतलेले छायाचित्र असेल तर एवढ्यावर निकाल लागतो.

अंगावर रंगवलेल्या क्रमांकाला मी सर्वांत शेवटी हात लावतो. युद्धात काही क्रमांक पुसले गेले, काही सेन्सॉरने छायाचित्रातून खोडले, आणि 1943 मध्ये ब्रिटिशांनी अनेक गनबोटींवर टॉर्पेडो चढवून त्यांना नवे एमटीबी क्रमांक दिले, त्यामुळे एकाच बोटीची दोन नावे नोंदीत येऊ शकतात.

काळ ठरवताना एक शिस्त पाळावी. नवे उपकरण दिसले तर छायाचित्र त्याआधीचे नाही, एवढे खात्रीने म्हणता येते. जुने उपकरण दिसले म्हणून छायाचित्र नंतरचे नाही, असे मात्र म्हणता येत नाही. रडारचे उदाहरण घ्यावे. 1 ऑगस्ट 1943 च्या रात्री सॉलोमन बेटांमध्ये निघालेल्या 15 पीटी बोटींपैकी फक्त चारांवर रडार होते. आपले टॉर्पेडो सोडून त्या परतल्या आणि उरलेल्या बोटी काळोखात चाचपडत राहिल्या. मध्यरात्र उलटल्यावर अमागिरी ही जपानी विनाशिका जॉन केनेडी (पुढे अमेरिकेचे अध्यक्ष) यांच्या पीटी-109 वर आदळली आणि 13 जणांपैकी दोघे मरण पावले. त्या आठवड्यातल्या दोन पीटी बोटींची छायाचित्रे शेजारी ठेवली, तर एकीच्या डोलकाठीवर रडार असेल आणि दुसरीची डोलकाठी रिकामी. रिकाम्या डोलकाठीवरून ‘1942’ लिहिणारा तिथेच चुकतो.

हल्ल्याचे छायाचित्र बहुधा हल्ल्याचे नसते

या बोटींचे खरे काम रात्रीचे होते. वेग मुख्यतः निसटून जाण्यासाठी. जवळ जाताना त्या यंत्रांचा आवाज दाबून, संथपणे, मागे फेस उठणार नाही अशा बेताने सरकत, कारण काळोखात सर्वांत आधी दिसतो तो पांढरा फेसच. रित्सोही प्रेमुदाजवळ वेग कमी ठेवूनच राखणदार बोटींच्या रांगेतून आत शिरला होता. 24 आणि 25 ऑक्टोबर 1944 च्या दरम्यानच्या रात्री फिलिपाइन्समधल्या सुरिगाव सामुद्रधुनीत 39 पीटी बोटी जपानी नौकांच्या वाटेवर दबा धरून बसल्या होत्या, आणि त्यांच्या खात्यावर जमा झालेला मारा म्हणजे पीटी-137 ने एका विनाशिकेवर सोडलेला टॉर्पेडो चुकून अबुकुमा या हलक्या क्रूझरवर बसला, तो. अशा रात्रीचे, टॉर्पेडो सुटतानाचे स्वच्छ छायाचित्र असणे जवळजवळ अशक्य. म्हणून भर उन्हात पूर्ण वेगाने धावणारी बोट पाहिली, की ती चाचणी, सराव, परतीचा प्रवास किंवा प्रसिद्धी विभागाची कामगिरी समजावी आणि ‘हल्ला’ हा शब्द स्वतंत्र पुरावा मिळेपर्यंत बाजूला ठेवावा.

आता एक छायाचित्र समोर आहे असे समजून सगळे लागू करून पाहू. बोट डावीकडे आडवी धावते आहे आणि छायाचित्र थोडे वरून घेतले आहे. डेकच्या कडेला चार आखूड, जाडे टॉर्पेडो उघडे आहेत, म्हणजे घोडे आणि मार्क 13. नाळ उचललेली आहे, पुढचा भाग कोरडा, म्हणजे कोनदार तळ. मधल्या माणसाच्या उंचीची साधारण चौदापट लांबी भरते, म्हणजे 24 मीटरच्या आसपास. उजवा बुरूज पुढे, डावा मागे. डोलकाठीवर रडारची घुमटी. क्रमांकाची जागा खरवडलेली. मागच्या बाजूला टंकलिखित मजकूर: ‘शत्रूच्या ताफ्यावर तुटून पडताना, 1942’. अशा छायाचित्राच्या नोंदीत मी असे लिहीन: ‘एल्को कंपनीची 80 फुटी पीटी बोट, अमेरिकी नौदल, क्रमांक वाचता येत नाही. मार्क 13 टॉर्पेडोंमुळे काळ 1943 किंवा त्यानंतरचा. दिवसा, पूर्ण वेगात, प्रसंग अज्ञात. मूळ मजकुरातले वर्ष ग्राह्य धरलेले नाही.’